अकरावी-बारावीला इतिहास की भूगोल?

इतिहास म्हणजे सनावळ्या आणि भूगोल म्हणजे नकाशे, ही दहावीपर्यंतची समजूत धरून विषय निवडला तर फसगत ठरलेली. शेवटच्या दोन वर्षांत इतिहासात पाठांतर मागे पडतं आणि युक्तिवाद करून लिहिणं वाढतं. भूगोलात वर्णनं कमी होतात आणि मोजमाप वाढतं. म्हणून कुठला विषय ऐकायला आवडतो ते बाजूला ठेवा. रोजचा तास-दीड तास कुठलं काम न कंटाळता होईल, ते बघा.

इतिहासातला नमुनेदार प्रश्न घेऊ: ‘नाझी पक्ष सत्तेवर येण्यास व्हर्सायचा तह कितपत कारणीभूत होता?’ बहुतेक उत्तरं २८ जून १९१९ ला, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या या तहावर सह्या झाल्या त्या दिवशी, सुरू होतात. मग युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं कलम २३१, १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची युद्धभरपाई, दुखावलेला जर्मनी, असं करत करत ३० जानेवारी १९३३ ला हिटलरच्या चॅन्सेलरपदापाशी येऊन थांबतात. एकही सन चुकलेला नसतो, तरी गुण निम्म्यावर अडकतात, कारण ‘कितपत’ला उत्तरच दिलेलं नसतं. आता मतांची टक्केवारी शेजारी मांडा. मे १९२८ मध्ये नाझींना २.६ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३. तह १९१९ चा, मग नऊ वर्षांनीही पक्ष तळाला कसा? मधे १९२९ ची मंदी आली, बेकारी वाढली. म्हणजे तहाबद्दलचा राग प्रचाराला कायम हाताशी होता, पण तो मतपेटीत उतरायला मंदी यावी लागली. हे विधान पहिल्याच परिच्छेदात यायला हवं, आणि पुढचे तीन-चार परिच्छेद त्यालाच बांधलेले हवेत. ज्या परिच्छेदाचा त्या विधानाशी संबंध दोन शब्दांत सांगता येत नाही, तो सरळ काढून टाका.

दुसरं काम साधनांच्या चिकित्सेचं. एखादं पत्र, व्यंगचित्र किंवा भाषणाचा उतारा समोर येतो; ते कोणी, कधी, कोणासाठी आणि कशासाठी केलं, हे तपासायचं. इथली हमखास चूक म्हणजे ‘लेखक पक्षपाती आहे, म्हणून साधन निरुपयोगी’ असा शेरा मारून मोकळं होणं. प्रचाराचं भित्तिपत्रक घटनेबद्दल खोटं बोलत असेल, पण लोकांनी काय मानावं अशी पक्षाची इच्छा होती, ते त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे सापडतं.

या सगळ्याला वाचन लागतं. आठवड्याला ४०-५० पानं आणि पंधरवड्याला एक दीर्घोत्तर, तेही घड्याळ लावून ४५ मिनिटांत, एवढं जमत नसेल तर नुसत्या आवडीवर इतिहास निभत नाही.

भूगोलाचं दुखणं वेगळं. इथे हात चालावा लागतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी. समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तशी आकृती, काढताना कागदाची पट्टी दोन बिंदूंमध्ये ठेवायची, प्रत्येक रेषा पट्टीला छेदते तिथे खूण करून उंची लिहायची, मग त्या खुणा आलेखावर उतरवायच्या. उभं प्रमाण १ सेंमीला १०० मीटर घेतलं, तर आडवं १ सेंमीला ५०० मीटर असल्यामुळे उंची पाचपट ताणलेली दिसते. हे लक्षात न घेता कित्येकजण साध्या उताराला ‘कडा’ म्हणतात. उतार छेदाच्या आकारावरून ठरवायचा नसतो, हिशेबाने काढायचा असतो: १ किमी अंतरात १०० मीटर चढ असेल तर १:१०.

क्षेत्रअभ्यासात विषयाची खरी ओळख होते. ओढ्याचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजायचा आहे, समजा. पात्र ४ मीटर रुंद, ठरावीक अंतरावर मोजलेली सरासरी खोली ०.३ मीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. १० मीटर अंतर तरंगत जायला संत्र्याला २० सेकंद लागली, तर पृष्ठावरचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. (संत्रं का? बरंचसं पाण्याखाली राहतं, म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही.) तळाशी आणि काठाशी पाणी घर्षणाने मंदावतं, म्हणून या वेगाला ०.८५ ने गुणायचं. विसर्ग येतो सेकंदाला ०.५१ घनमीटर. वेग किमान तीनदा मोजून सरासरी घ्या. एकाच मोजणीवर विसंबलं की संत्रं दगडाला अडकल्याचं आकड्यात कुणाला दिसत नाही.

आणि ठिकाणं पुरेशी घ्या. पाचच ठिकाणी मोजून स्पिअरमनचा सहसंबंध गुणांक (दोन मापं एकमेकांबरोबर कितपत बदलतात ते सांगणारा आकडा) काढला, तर दोन्ही बाजूंच्या चाचणीत (संबंध वाढीचा असो वा घटीचा) ५ टक्के सार्थकता पातळीवर, म्हणजे योगायोगाला फार तर ५ टक्के वाव ठेवून, तो चक्क १ यावा लागतो. दहा ठिकाणं घेतली तर ०.६४८ पुरतो. सगळी मेहनत करून ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहायची वेळ बहुधा इथेच येते. बाकी गणित सोपं आहे: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते).

‘भूगोल स्कोअरिंग आहे’ हे ऐकीव वाक्य अर्धंच खरं. भूगोलात गुण तुकड्या-तुकड्यांनी मिळतात. आकृती, व्याख्या, उदाहरण यांतलं एक चुकलं तरी बाकीचं वाचतं. इतिहासात दीर्घोत्तराचा रोख चुकला की मोठा घास जातो. पण भूगोलात ठिकाणाचं नाव आणि आकडा नसलेलं गुळमुळीत उत्तर तेवढंच पडतं.

दोन्ही घेणं शक्य असेल तर जरूर घ्या. एकाचा अभ्यास दुसऱ्याला उपयोगी पडतो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ बघा. भूगोलाच्या अंगाने ऑक्टोबर १९४२ चं चक्रीवादळ, भातावरचा रोग. इतिहासाच्या अंगाने ब्रह्मदेश जपानकडे गेल्याने तुटलेली तांदळाची आयात, सरकारने काढून घेतलेल्या नावा, युद्धकाळातली भाववाढ. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी मांडलं की धान्याच्या एकूण तुटीपेक्षा मजुरांची क्रयशक्ती कोसळणं हे मोठं कारण होतं. या मताची बाजू घ्या किंवा खोडा, दोन्ही विषयांची हत्यारं लागतात. मात्र वेळापत्रक जपा: क्षेत्रअभ्यास हवामानाला बांधलेला, तो पुढे ढकलला की इतिहासाच्या सरावाच्या आठवड्यांवरच येऊन आदळतो.

अजून ठरत नसेल तर दोन संध्याकाळी खर्च करा. एकीला व्हर्सायचा वरचाच प्रश्न ४५ मिनिटांत लिहा, दुसरीला कुठल्याही समोच्चदर्शक नकाशाचा छेद काढा. गुण देऊ नका. कुठल्या दिवशी चूक सापडल्यावर पुन्हा बसावंसं वाटलं, तेवढं टिपून ठेवा.