कॉम्प्युटर हेल्पवाल्या साइटचं सोशल मीडिया: टेलिग्राम घ्या, रील सोडा

कॉम्प्युटरचं काही अडलं की मी बरीच वर्षं एकाच साइटवर जाते. नाव नाही घेत, कारण पुढे थोडं बोलणार आहे. साधी साइट, एरर कोड टाकला की सरळ त्याचं पान, स्टेप्स, स्क्रीनशॉट, बस. आता त्यांनी सोशल मीडिया सुरू केलंय आणि तेही एकदम सगळं, फेसबुक, इन्स्टा, एक्स, टेलिग्राम, यूट्यूब. म्हटलं बघू तरी, सगळीकडे फॉलो करून ठेवलं.

टेलिग्राम चॅनल एक नंबर आहे. छोटी पोस्ट, खाली साइटवरच्या पूर्ण लेखाची लिंक, आणि कमांड त्या वेगळ्या फॉन्टमध्ये टाकतात त्यामुळे नुसतं टॅप केलं की कॉपी होते. टेलिग्राम कॉम्प्युटरवर पण चालतं, म्हणजे जिथे घोळ आहे तिथेच पेस्ट करून मोकळं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना, त्यावरची त्यांची पोस्ट मला फार आवडली. नवा पीसी घ्या वगैरे घाबरवणं नाही. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सिक्युरिटी चिप लागते, ती आपल्याकडे आहे का ते बघायचं: रनमध्ये (विंडोज की + R) टीपीएम डॉट एमएससी टाका, व्हर्जन २.० दिसतंय का बघा, नसेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलंय का ते तपासा, कारण बऱ्याच मशीनमध्ये ते असतं फक्त चालू केलेलं नसतं. चार ओळीत काम झालं.

इन्स्टा मात्र का काढलंय देव जाणे. परवाची रील सांगते. विंडोजच्या फाइल्स करप्ट झाल्या तर आधी डिझम चालवा मग एसएफसी स्कॅननाऊ (दोन्ही विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड), सल्ला अगदी बरोबर, क्रमही बरोबर. पण ती डिझमची लांबलचक कमांड स्क्रीनवर येते आणि वाचून व्हायच्या आत जाते, वर ढॅणढॅण म्युझिक. एका हाताचा अंगठा रीलवर दाबून ती थांबवायची आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचं, त्यात प्रत्येक स्लॅशच्या आधी स्पेस लागते ती व्हिडिओत कळतच नाही, ती राहिली की कमांड गेली बाराच्या भावात. बरं कॅप्शनमधली लिंक इन्स्टावर क्लिक होत नाही आणि फोनवर कॅप्शन सिलेक्ट करून कॉपी पण करता येत नाही. मग ती कमांड तिथे लिहून फायदा कोणाला? लाइक भरपूर आहेत म्हणा.

फेसबुकवर गर्दी आहे पण तोच प्रश्न रोज नव्याने. साइटवर ज्याचं पान आहे तेच कमेंटमध्ये अर्धवट सांगतात आणि ते खाली वाहून जातं, नंतर गूगलवर शोधायला जा, मिळत नाही. आणि लोक तरी काय, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-लॉक) ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे ते लॉक उघडायची किल्लीच, लिहिलेल्या कागदाचा फोटो काढून सरळ कमेंटमध्ये टाकतात! अॅडमिनने अशी कमेंट लगेच उडवायला पाहिजे, इथे ती दुसऱ्या दिवशीपण जशीच्या तशी होती. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. स्वतःच्या साइटवर हीच मंडळी प्रायव्हसीवर लांबलचक लेख लिहितात.

एक्सचा रोजचा उपयोग शून्य, पण अचानक सगळीकडेच काही बिघडलं तर लागेल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका खराब अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळी एरर स्क्रीन येऊन बंद पडल्या होत्या, अशा दिवशी "तुमचं मशीन बिघडलेलं नाही, फॉरमॅट मारू नका" एवढं कोणीतरी पटकन सांगणं पण खूप असतं. फक्त एक, त्यांच्या पोस्टखाली त्यांचाच लोगो लावलेली खोटी अकाउंट फिरतात, "मेसेज करा, आम्ही रिमोटने ठीक करतो" म्हणून. चुकूनही कुठलं रिमोट अॅप टाकू नका, अख्खं मशीन त्यांच्या हातात जातं. साइटने ही वॉर्निंग वर पिन करून ठेवायला काय हरकत आहे, अजून तरी केलेली नाही.

यूट्यूबचे मोठे व्हिडिओ ठीक, डिस्क्रिप्शनमध्ये कमांड आणि लिंक दोन्ही देतात. शॉर्ट्स बघायची गरज नाही, तिथे डिस्क्रिप्शनमधली लिंक क्लिकच होत नाही, म्हणजे परत इन्स्टाचंच रडगाणं.

पाचपैकी तीन स्टार, आणि तेही टेलिग्राममुळे.