शेवटचे दिवस घरी, हॉस्पिसमध्ये की आयसीयूत?

डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणाले की घरात दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, शेवटपर्यंत प्रयत्न करू. सून विचारते, रात्री दुखायला लागलं तर करायचं काय? माझ्या मते निर्णय सुनेच्या प्रश्नावरून घ्यावा. आणि पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्यालाच विचारावं, बहुतेक घरांत तेच राहून जातं.

आयसीयूचं लवकर सांगून टाकतो. जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव अशी सुधारण्याजोगी गोष्ट असेल तर तिथे जरूर न्या. पण कॅन्सर सगळीकडे पसरला असताना व्हेंटिलेटर लावला तर मरण लांबतं, आजार तसाच राहतो. नातेवाईक काचेबाहेर, पेशंट एकटा. व्हेंटिलेटर काढणं बेकायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो मार्ग खुला केला आणि 2023 मध्ये सोपा केला. आपली इच्छा दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ठेवता येते. हे कागद नसले की लोक ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून पेशंट घरी आणतात, आणि दुखण्याचं औषध मात्र कोणीच लिहून दिलेलं नसतं.

बहुतेकांना घरीच जायचं असतं, आणि घर खरोखर चांगलं असतं. पण तीन गोष्टी असतील तरच. पहिली मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध. गोळी साधारण दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता द्यायची, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल ही भीती घरच्यांनी सोडावी. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा सैल झाला तरी मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेतूनच आणावी लागते. दुसरी गोष्ट, रात्री दोनला उचलला जाईल असा फोन नंबर. तिसरी, दुसरं माणूस. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बदलायचा, तोंड पुसायचं, हे एकटी बायको फार दिवस ओढू शकत नाही. ब्युरोची बाई परवडत नसेल तर नातेवाइकांच्या पाळ्या आधीच ठरवा. (भेटायला येऊन ‘सलाइन तरी लावा’ सांगणाऱ्या काकांनाही एक रात्र द्यावी.) अखेरच्या दिवसांत भूक मरते, ती आजारामुळे. बळेबळे लावलेल्या सलाइनने अंगावर सूज चढू शकते, घशात घरघर वाढू शकते.

यातली एक जरी गोष्ट नसेल तर हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करून काळजी घेणारी जागा. ‘आईला तिथे टाकलं’ हा टोमणा ऐकावा लागेल, ऐकून घ्या. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, त्यांची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून चालतं. दोन्हीकडे सेवा मोफत. वारज्याला घरचं माणूस सोबत राहतं, आणि बरेच जण दुखणं आटोक्यात आलं की घरी परततात. म्हणजे गेलं की परत यायचं नाही, असं नाही. अडचण वेगळीच आहे: या जागा मुख्यतः कॅन्सरसाठी. अर्धांगवायू, डिमेन्शिया किंवा निकामी मूत्रपिंडाच्या पेशंटला अशी जागा मिळणं अवघड. केरळात कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेलं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करण्याचं, काम गावोगाव पसरलं, 2008 मध्ये राज्याचं धोरण आलं आणि पंचायतीच्या मदतीने नर्स घरी येऊ लागली, आजार कुठला का असेना. आपल्याकडे निदान जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर कक्ष आहे का, हे विचारून घ्या.

घरी ठेवायचं ठरलं तर फॅमिली डॉक्टरांना आताच गाठा. मृत्यूचा दाखला ते देतील ना, हे स्पष्ट विचारा. स्मशानात तो लागतो, आणि रविवारी पहाटे दाखल्यासाठी अनोळखी दवाखान्याची दारं ठोठवत फिरणं फार वाईट.