ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा: मराठवाड्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी सविस्तर परीक्षण

ऑस्ट्रेलियाने वर्क अँड हॉलिडे (सबक्लास ४६२) हा व्हिसा सप्टेंबर २०२४मध्ये भारतीयांसाठी खुला केला. वय १८ ते ३०, मुदत बारा महिने, आणि १ जुलै ते ३० जून या वर्षात भारताच्या वाट्याला १,००० जागा. फिरा, सोबत काम करा, वाटलं तर चार महिन्यांपर्यंत एखादा कोर्सही करा. आधी नोकरी मिळवण्याची अट नाही, विद्यापीठाची लाखोंची फी नाही. साध्या घरातल्या मुलामुलींना परदेशात राहून बघण्याचा इतका स्वस्त कायदेशीर रस्ता दुसरा सापडणं अवघड. मात्र निवड सोडतीने होते, नाव निघालं की २८ दिवसांत पूर्ण अर्ज सादर करावा लागतो, आणि आपल्याकडची कागदपत्रं ज्या अवस्थेत असतात ती बघता हे २८ दिवस फार कमी पडतात. तयारी नोंदणीच्या आधी झालेली असेल तरच या योजनेत उतरण्यात अर्थ आहे.

नोंदणी अगदी सोपी आहे. इमीअकाउंट या ऑस्ट्रेलियन सरकारच्या व्हिसा-अर्जाच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडायचं, पासपोर्ट आणि पॅन यांचा तपशील भरायचा, २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे. ते परत मिळत नाहीत. निवड संगणक करतो, तीही यादृच्छिक. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४मध्ये झाली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आल्याचं ऑस्ट्रेलियन सरकारकडून सांगण्यात आलं होतं. तेव्हा ‘नाव काढून देतो’ म्हणून कुणी वीस-पंचवीस हजार मागत असेल तर तिथून सरळ उठावं. निवडीवर कुठल्याही एजंटचा काडीचा प्रभाव नसतो. दुसरा धोका जास्त नुकसान करतो: एजंट नोंदणी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर करतो. मग निवड झाल्याची मेल त्याच्याकडे जाते, तुम्हाला कळेपर्यंत २८ मधले दहा दिवस गेलेले असतात. खातं, ई-मेल आणि पासवर्ड तुमच्याच हातात ठेवा, आणि स्पॅमचा कप्पाही रोज बघा.

आता नावाचा घोळ, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव असे दोन वेगळे रकाने असतात आणि वडिलांचं नाव बहुतेकदा पहिल्या रकान्यात चिकटलेलं असतं. पॅनवर तिसराच क्रम. क्रम वेगळा असणं चालतं, स्पेलिंग वेगळं असणं अडवतं. ज्ञानेश्वर, वैष्णवी, लक्ष्मण ही नावं इंग्रजीत तीन-तीन प्रकारे लिहिली जातात. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. पॅनची दुरुस्ती ऑनलाइन होते, म्हणून ती आधी करा. गुणपत्रिकेतली चूक शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते: लातूर, नांदेड, धाराशिव जिल्ह्यांसाठी लातूर मंडळ, बाकीच्यांसाठी छत्रपती संभाजीनगर. त्याला काही महिनेही लागू शकतात, म्हणून सोडतीची वाट बघत बसू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र यापैकी जे असेल ते इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवावं.

शिक्षणाची अट साधी आहे: बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण. अडचण असते पुराव्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, मूळ पदवी प्रमाणपत्र हातात यायला निकालानंतर वेळ जातो. तोवर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका काढून, रंगीत स्कॅन करून ठेवा. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५ पुरतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनाही दीड-दोन महिन्यांच्या नीट सरावात हे जमतं, त्यासाठी चाळीस हजारांचा क्लास लावायची गरज नाही. निकालाला मुदत असते, म्हणून चाचणी फार आधीही देऊन ठेवू नका.

पैशांची बाजू. खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि त्याशिवाय परतीच्या प्रवासाचा खर्च दाखवावा लागतो. डॉलर ५५ ते ६० रुपयांच्या आसपास धरला तर पाच हजार डॉलर म्हणजे पावणेतीन ते तीन लाख. व्हिसा फी २०२५-२६ साठी ६७० डॉलर, म्हणजे आणखी चाळीस हजारांच्या आत-बाहेर. आपल्याकडे पैसा वर्षभर थोडाथोडा येत नाही. सोयाबीन किंवा कापूस विकला की एकरकमी येतो. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक तीन लाख दिसले तर शंका येणारच. आडत पट्टी, कारखान्याचं ऊसबिल, जमीन विकली असेल तर खरेदीखत जोडा आणि एका पानात इंग्रजीत स्पष्टीकरण द्या. पैसे वडिलांच्या खात्यातून आले असतील तर त्यांचं नोटरी केलेलं पत्रही लावा. रक्कम शेड्यूल्ड बँकेत असावी, पतसंस्थेच्या हाताने लिहिलेल्या पासबुकावर विसंबू नये. आणि ही रक्कम व्याजाने उचलून दाखवू नका. पहिले काही आठवडे काम मिळेपर्यंत याच पैशांवर जगायचं असतं. ते सावकाराला परत गेलेले असतील तर मुलगा पहिल्या महिन्यातच पडेल त्या दरात राबायला तयार होतो.

बायोमेट्रिकसाठी, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. नांदेडकरांना हैदराबाद सोयीचं. जालना, परभणीकडच्यांना मुंबई गाठायची तर रात्रीची देवगिरी एक्सप्रेस आहे, पण वेळ सकाळची पहिली घेऊ नका, गाडी रखडली तर सगळंच जातं. छातीचा एक्स-रे किंवा पोलिसांचा दाखला नंतर मागितला जाऊ शकतो.

तिथली कमाई. १ जुलै २०२५पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या कामाला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१च्या थोडं वर. आठवड्याला ३८ तास मिळाले तर साधारण १,१८५. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापतात, त्यामुळे हातात हजारभर डॉलर. वाटून घेतलेली खोली आणि खाणं यांना साडेतीनशे-चारशे सहज लागतात. हिशेब चांगला दिसतो, पण शेतातल्या कामात दर आठवड्याला ३८ तास मिळत नाहीत. पाऊस आला की काम बंद. पोहोचताच टॅक्स फाइल नंबर (तिथला करासाठीचा क्रमांक) काढा आणि दर आठवड्याची पेस्लिप जपा. मालक सुपरअॅन्युएशन, म्हणजे निवृत्तीसाठीचा निधी भरतो, तो देश सोडल्यावर मागता येतो, पण त्यातले ६५ टक्के करात जातात. ती रक्कम बेतात धरू नका.

इथे कापूस वेचलेल्या मुलाला वाटतं, तिथेही तेच काम असेल. तिथला कापूस यंत्रं वेचतात. माणसं लागतात ती जिनिंगला, फळतोडणीला आणि पॅकिंगला. उक्त्या दराने तोडणी असली तरी एप्रिल २०२२पासून बागकामाच्या वेतन नियमात तासाच्या किमान रकमेची हमी आहे. ‘जेवढी पेटी तेवढे पैसे’ एवढंच सांगणाऱ्या ठेकेदाराकडे राहू नका. फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या हक्कांसाठीच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते. एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, काही अपवाद सोडता. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरलेल्या भागात ठरलेलं काम तीन महिने करावं लागतं. उत्तर ऑस्ट्रेलियातलं आणि दुर्गम भागातलं हॉटेलकामही त्यात धरतात, सिडनीसारख्या मोठ्या शहरातलं धरत नाहीत. दुसऱ्या वर्षासाठी सोडत नसते, म्हणून पहिलं वर्ष सिडनीत घालवण्याआधी याचा विचार करा. जिल्ह्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नेला तर गावाकडच्या कामांना मोठी मदत होते. दारू वाढायच्या कामाला आरएसए हे प्रमाणपत्र, बांधकामाला व्हाइट कार्ड हे सुरक्षा-प्रशिक्षणाचं कार्ड लागतं. आरोग्य विमा इथूनच घ्या. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर उपचारांचा करार नाही.

ब्रिटनच्या इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमशी तुलना करावीच लागते. तिथे वर्षाला ३,००० जागा, मुदत दोन वर्षं, सोडतीची नोंदणी फुकट. पण पदवी हवीच, आणि २०२५च्या दराने ३१९ पौंड फी व दोन वर्षांचा १,५५२ पौंड आरोग्य अधिभार एकदम भरावा लागतो. वर २,५३० पौंड सलग २८ दिवस स्वतःच्या खात्यात हवेत. एक दिवस जरी कमी पडले तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. सोडत साधारण दोनच दिवस उघडी असते. निवडीनंतर मात्र ९० दिवस मिळतात, आणि मराठवाड्यातल्या मुलाला हा फरक फार मोलाचा आहे. कॅनडाच्या अशा योजनेत भारत नाहीच. तिकडचं वर्किंग हॉलिडे म्हणून कुणी पैसे घेत असेल तर ती फसवणूक आहे.

पदवीधर असाल, कार्यालयीन कामाचा थोडा अनुभव असेल आणि पाच-साडेपाच लाख जमू शकत असतील तर आधी ब्रिटनची सोडत टाका. अंगमेहनतीची तयारी, तीन-साडेतीन लाख स्वतःचे आणि तिकिटाचे वेगळे, अशी स्थिती असेल तर ऑस्ट्रेलिया. दोन्हीकडे नाव देता येतं. घरावरचं कर्ज फेडायला म्हणून जाणाऱ्याने मात्र यातल्या कुठल्याच व्हिसावर जाऊ नये. आणि ज्यांचं तिसावं वर्ष चालू आहे, त्यांनी पासपोर्ट-पॅनची नावं याच आठवड्यात जुळवून घ्यावीत, कारण एकतिसावा वाढदिवस उलटला की दोन्ही दारं बंद होतात.