सॅमसंग टी७ एसएसडी: दोन वर्षं त्यावर गाणी केली, त्याचा अनुभव

सेटअप साधा आहे माझा. घरातली एक खोली, ५१२ जीबीचा विंडोज लॅपटॉप, रीपर (गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर), कॉन्टॅक्ट (कीबोर्डवर खऱ्या वाद्यांचे आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर), आणि कामं म्हणजे जास्त करून अभंग, भावगीतं, गणपतीच्या आधी मंडळांची गाणी. नुसत्या सॅम्पल लायब्रऱ्याच, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संग्रह, ३०० जीबीच्या वर गेल्यात, त्यामुळे बाहेरच्या ड्राइव्हशिवाय पर्यायच नाही. आधी फिरत्या चकतीवाली पोर्टेबल हार्ड डिस्क होती, कुठल्या कंपनीची ते सोडा, आता दोन वर्षं झाली ही १ टीबीची टी७ वापरतोय, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह, एसएसडी.

खोक्यावर १०५० एमबी पर सेकंद लिहिलंय आणि सगळे त्या आकड्यावरच बोलतात, पण आपल्या कामात तो आकडा महत्त्वाचा नाहीच. हिशोब करून बघा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक म्हणजे सेकंदाला १४४ केबी, असे ४० ट्रॅक एकदम वाजले तरी ६ एमबीच्या आत. एवढं तर जुनी डिस्कही आरामात देते. मग ती अडकायची कुठे? कॉन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो आणि पुढचा भाग सूर दाबल्यावर डिस्कवरून ओढतो, म्हणजे स्ट्रिंग्जचे ८ सूर आणि ३ माइक पोझिशन धरल्या तर एका क्षणात २४ जागांवरून डेटा हवा, आणि ५४०० आरपीएमची चकती सेकंदाला फिरते फक्त ९० वेळा, तिचं हेड, म्हणजे चकतीवरून डेटा वाचणारी सुई, धावून धावून किती धावणार. गायिका हेडफोन लावून उभी आणि कडव्याच्या मधेच तुकडे पडतायत, हे मी खूपदा भोगलंय. एसएसडीला हेडच नाही, त्यामुळे टी७वर हे एकदाही झालं नाही. उलट मी कॉन्टॅक्टच्या मेमरी सेटिंगमध्ये प्रीलोड बफर, म्हणजे रॅममध्ये ठेवायचा तो सुरुवातीचा तुकडा, कमी केला, रॅम बऱ्यापैकी मोकळी झाली.

दुसरा फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. जुनी डिस्क आणि माइकचा छोटा स्टँड एकाच लाकडी टेबलावर असायचा, आणि हळू आवाजातल्या आलापाच्या मागे कायम बारीक घूं यायची. मी पंख्याला दोष देत बसलो होतो. एकदा इक्यूचा अनॅलायझर, म्हणजे आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारा आलेख, लावला तर ९० हर्ट्झला सरळ सुळका, चकतीचे सेकंदाला ९० फेरे तेच ते! टी७मध्ये फिरणारं काहीच नाही, टेबल एकदम शांत. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी एसएसडी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

लावताना थोडी काळजी घ्या. ती एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येते, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालते, पण लिहिताना मधेच वायर निघाली तर एक्सफॅट सांभाळून घेत नाही. मी पहिल्याच दिवशी विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये केली, मॅकवाल्यांनी मॅकच्या एपीएफएसमध्ये करावी, लॉजिक या मॅकवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची साउंड लायब्ररी हलवायची तर एक्सफॅट चालत नाही. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला एक अक्षर कायमचं देऊन टाका, नाहीतर कधी पेन ड्राइव्ह आधी लागला की अक्षर बदलतं आणि कॉन्टॅक्ट सॅम्पल सापडत नाहीत म्हणून ओरडतो. आणि वायर खोक्यातलीच वापरा. मी एकदा मोबाइल चार्जरची लावली होती, दिसायला तीच टाइप सी, पण आतून युएसबी २, स्पीड ४० एमबीवर आला आणि तासभर मी ड्राइव्हलाच नावं ठेवत होतो. हबमध्येही लावू नका, निदान ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) ज्या हबला आहे त्यात तरी नकोच.

आता जे लागलं ते सांगतो. जुनी डिस्क टेबलाच्या कडेला होती, झांज वाजवणाऱ्या मुलाच्या पायात वायर अडकली आणि चालू डिस्क फरशीवर. टक् टक् टक् आवाज आणि संपलं. डेटा काढून देणाऱ्याकडे नेली, थोडं हाती लागलं, पण त्या दिवशी बुवांनी वाजवलेला पखवाज गेला तो गेलाच. बुवा पंचाहत्तरीचे, बिचारे परत आले, परत वाजवलं, सुंदरच वाजवलं, पण पहिल्या टेकमधला तो शेवटचा धुमाळीचा भाग मला अजून आठवतो.

टी७ ५८ ग्रॅमची आहे, मी वेल्क्रोने लॅपटॉपच्या झाकणामागे चिकटवलीय, पडायचा प्रश्नच मिटला. तरी एसएसडी गेली तर बहुतेक वेळा काही न सांगता जाते, टक् टकसुद्धा होत नाही, आणि डेटा परत मिळवणं अजून अवघड. म्हणून रेकॉर्डिंग मी लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर करतो, माणसं घरी गेली की सगळ्या फाइल्ससकट प्रोजेक्ट टी७वर, आणि झोपायच्या आधी तोच एका स्वस्त चकतीवाल्या डिस्कवर, जी कपाटात राहते. बॅकअपला चकती अजूनही उत्तम, तिथे वेगाची घाई नसते.

साइज म्हणाल तर ५०० जीबीच्या नादी लागू नका, ऑर्केस्ट्राच्या एक दोन लायब्रऱ्यांतच भरते. १ टीबी घ्या आणि थोडी जागा कायम रिकामी ठेवा, गच्च भरली की एसएसडीचा लिहिण्याचा वेग पडतो.