सोडवलेलं तट्टू घरी आणताना: गावातला वाडा बरा की शेतातला आखाडा?

वीटभट्टीवरून किंवा टांग्यातून सोडवलेलं तट्टू सांभाळायला मागितलं, की द्यायच्या आधी ते सोडवणाऱ्या प्राणी संस्थेचा माणूस जागा बघायला येतो. मराठवाड्यात बहुतेकांपुढे दोनच जागा असतात: गावातला वाडा, म्हणजे घरालगतचा गोठा, नाहीतर शेतातला आखाडा, म्हणजे रानात गुरं बांधायची जागा. दोन्ही दाखवून "कुठंही बांधू" असं म्हणू नका. एक ठरवा आणि तीच नीट तयार करा.

मोकळी जागा आहे म्हणून बरेच जण आखाड्याकडे झुकतात. त्यात तथ्य आहे. दिवसभर चालत-चरत राहिलेल्या तट्टाचं पोट सहसा बिघडत नाही. पण मोठे धोकेही तिथंच असतात. सगळ्यात वाईट शेततळं. प्लास्टिकच्या उतारावर खूर टिकत नाही आणि आत पडलेल्या जनावराला स्वतःहून वर येता येत नाही. शेततळं आणि बिनकठड्याची विहीर, दोन्हींना कुंपण झाल्याशिवाय पाहणीला बोलावूच नका.

दुसरा धोका काटेरी तारेचा. घोडं बुजलं की तारेत शिरतं आणि पाय अडकला की जोरानं ओढत राहतं. कातडी सोलून निघते, आणि अशा खोल जखमेतून धनुर्वात होतो. घोड्याला तो फार लवकर होतो, म्हणून त्याची लस झाली आहे का हे संस्थेला आधीच विचारा. तट्टू सोडायच्या तुकड्याभोवतीची काटेरी तार काढून चार फूट उंचीपर्यंत आडव्या बल्ल्या मारा. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारं यंत्र) लावणार असाल तर नुसती बारीक तार नको, लांबून दिसेल अशी रुंद पांढरी पट्टी लावा.

जमिनीचंही पाहावं लागतं. काळ्या रानात पावसाळ्यात चिखल होतो आणि सतत ओला राहिलेला खूर खालून कुजतो. उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो. थाणावर, म्हणजे तट्टू बांधायच्या जागेवर, सहा इंच मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या. गावातल्या गोठ्यात अडचण उलटी: शहाबादी फरशी मुतानं निसरडी होते आणि उठताना तट्टू घसरतं. तिथं रबरी मॅट हवी. एका तट्टाला १० बाय १२ फूट जागा पुरते. पत्र्याची उंची नऊ फुटांच्या खाली नको, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी होते.

एवढं असूनही, गावातल्या गोठ्याची एक बाजू आम्हाला सगळ्यात जड वाटते: रात्री कुणीतरी जवळ असतं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. पुढच्या पायानं जमीन उकरणं, वळून पोटाकडे बघणं, सारखं लोळणं, लीद बंद होणं यातलं काही दिसलं की लगेच पशुवैद्य हवा. आखाड्यावर रात्री कुणी झोपत नसेल तर हे सकाळीच कळतं.

मात्र वाड्यात तट्टू दिवसभर आगाडी-पिछाडीत, म्हणजे पुढून-मागून दोरांनी जखडून, उभं राहणार असेल तर संस्था नाही म्हणेल, आणि तिचं बरोबरच आहे. लग्नसराईतलं डीजे आणि फटाके हाही गावातलाच त्रास. पंगतीतलं उरलेलं अन्न लोक मायेनं आणून घालतात, त्यातून पोट फुगतं. ते आधीच बजावून ठेवा. धान्याच्या पोत्यांची खोली कडी घालून बंद हवी. एका रात्रीत भरपूर ज्वारी खाल्लेल्या तट्टाचे खूर आतून सुजून ते कायमचं लंगडं होऊ शकतं.

चाऱ्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. २२० किलोच्या तट्टाला रोज साधारण साडेचार किलो सुका चारा लागतो, म्हणजे तीन महिन्यांसाठी चार क्विंटल तरी साठा दाखवा. मारवेल किंवा पवन्याचं वाळलं गवत असेल तर उत्तम. कडबा चालतो, पण बुरशी लागलेला नको. पाऊस खाल्लेली गंजी पाहणीत नेमकी नजरेला येते. ज्वारीचा कोवळा हिरवा फुटवा विषारी असतो. बांधावरची कण्हेर आणि धोतराही काढून टाका. शेजारी पोल्ट्री असेल तर तिचं खाद्य कुलपात ठेवा, त्यातली काही औषधं घोड्याला मारक ठरतात. रोजचं पाणी २० ते ३० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नळ आठवड्यानं येत असेल तर २०० लिटरचा एक ड्रम पुरणार नाही, दोन ठेवा.

म्हणून आमचं मत असं: घरचं कुणी रोज आखाड्यावर मुक्कामाला असेल तर आखाडा. नसेल आणि शेत पायी जाण्याइतकं जवळ असेल, तर रात्री वाडा आणि दिवसा शेत. यातलं काहीच जमत नसेल तर सध्या तट्टू आणू नका. जागा कुठलीही असो, सोबतीला शेळी किंवा गाढव हवं. एकटं घोडं कासावीस होतं.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल संस्थेकडून मागून घ्या. हा रोग माणसालाही होतो. खूर तासणारा नालबंद आधीच गाठून ठेवा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात ओळख निघू शकते, पण यात्रा वर्षातून एकदाच भरते आणि खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात. तुम्ही परगावी गेल्यावर तट्टू कोण बघणार, हा प्रश्न पाहणीत हमखास येतो. ज्याचं नाव सांगणार त्याला त्या दिवशी समोर उभं करा, आणि तट्टाला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) कसा बांधायचा हे त्याला त्याआधीच शिकवा.