‘नेटसाठी घर तयार करून देतो’ म्हणत कुणी दारात आलं तर सावध राहा

जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत खांबांवरून इंटरनेटची फायबर केबल ओढायला लागले आणि लगेच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस घरोघर फिरू लागला. मी कामावर होतो, घरी आई-बाबा दोघंच. "मालक, तुमचा नंबर लागलाय, पण आधी वायरिंग करून ठेवावं लागतं. नाहीतर कंपनीचा माणूस बघून परत जाईल," असं त्यानं बाबांना सांगितलं. बाबांनी खरोखरच कनेक्शनसाठी नाव नोंदवलं होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

त्यानं हॉलपासून वरच्या खोलीपर्यंत केसिंग पट्टी ठोकली, आत एक काळी आणि एक पांढरी वायर टाकली, ‘सिग्नलसाठी अर्थिंग’ म्हणून वेगळे पैसे लावले आणि एकूण 7,200 रुपये रोख नेले. बिल मागितलं तर "कंपनीच्या बिलात येईल". आईनं उन्हातून आलाय म्हणून त्याला चहाही दिला होता. पेन्शनवर चालणाऱ्या घरातून एवढी रक्कम अशी काढून नेली, याचा संताप अजून जात नाही.

कंपनीचा खरा माणूस आला आणि सगळं उघड झालं. काळी वायर डिशच्या छत्रीला लावतात ती होती, फायबरच्या कनेक्शनला तिचा काही उपयोग नाही. पांढरी वायर म्हणजे लॅन केबल, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नेट नेणारी. तिची एक तार त्यानं ब्लेडनं खरवडून दाखवली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. अस्सल तांब्याची तार आतपर्यंत लालच असते. ॲल्युमिनियमची लवकर तुटते आणि लांब अंतराला दगा देते. अर्थिंगचं तर विचारूच नका: फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. अर्थिंगमुळे नेटचा वेग वाढत नाही.

खरी तयारी अगदी थोडी. राउटर घराच्या मध्यावर, कपाटात न कोंबता ठेवता येईल अशी जागा आणि शेजारी चालू सॉकेट. लाइट गेल्यावरही नेट हवं असेल तर तो सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या. फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, सिग्नल पडतो. भिंतीला भोक पाडणं, केबल आत आणणं यातलं इन्स्टॉलेशनच्या पैशांत काय काय येतं, ते कंपनीच्या ॲपवरच्या नंबरला फोन करून आधीच विचारा. दारात आलेल्या माणसानं दिलेल्या नंबरवर नको.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. विजापूर रोड, आसरा चौक भागात आणखी कुणाकडे असं काम झालं असेल तर त्या वायरचा तुकडा काढून ठेवा आणि तुमचीही तक्रार नोंदवा.