दाखवली एक जमीन, लिहून दिली दुसरी

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला. मोबदला खात्यावर जमा झाला आणि पाठोपाठ जमिनीचे दलाल दारात यायला लागले. कोणाला किती मिळाले हे त्यांना आमच्या भावकीआधी ठाऊक असायचं. शेती गेलेल्या माणसाला बदली शेतीच हवी असते, आणि इकडच्या भावात गेली तेवढी परत घेणं शक्य नव्हतं. हे हेरून २०१८ साली एका दलालाने चंद्रपूर जिल्ह्यातली चाळीस एकरांची पट्टी आणली. दोन-दोन एकरांचे तुकडे, मधून रस्ता, सगळे आपल्याकडचेच शेतकरी, एकमेकांना सोबत होईल, असं त्याचं बोलणं. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली पंधरा-सोळा घरं तयार झाली.

जमीन खरंच देखणी होती. धानाच्या बांध्या, मागे जंगल, प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर लाल ऑइलपेंटने नंबर टाकलेला दगड. बोअर मारून ठेवलेला होता. जनरेटर लावून मोटर चालू केली आणि जाड धार पडली. सिन्नरच्या शेतकऱ्याला पाणी दाखवलं की त्याचं अर्धं मन तिथेच वळतं. हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

सातबाराही अस्सल होता. भोगवटादार वर्ग १, म्हणजे मालकाला विकायला मोकळी, बोजा नाही, इतर हक्कात काही नाही, सोबत वकिलाचा सर्च रिपोर्ट. पहिल्या चार जणांची खरेदीखतं दुय्यम निबंधकांपुढे नोंदवली गेली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नावं लागली. ते चार सातबारे गावभर फिरले. सगळी मेख इथेच आहे. हे चार खरे व्यवहार त्याने मुद्दाम आधी केले, म्हणजे बाकीच्यांनी काही विचारायचंच नाही. बाकीच्यांच्या हातात पडलं नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे विक्री करू असा करार, आणि कुलमुखत्यारपत्र. पाऊण रक्कम घेतली आणि सांगितलं, “कलेक्टरची परवानगी आली की खरेदीखत करून टाकू, भाऊ.”

त्या ‘परवानगी’चा अर्थ नंतर उलगडला. बिगर-आदिवासी मालकाची वर्ग १ची जमीन शेतकऱ्याने विकत घ्यायला कलेक्टरची परवानगी लागत नाही. ती लागते वर्ग २ला, म्हणजे सिलिंग कायद्यात जास्तीची म्हणून काढून वाटलेल्या किंवा सरकारने अटींवर दिलेल्या जमिनीला. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे लागते. पहिल्या चौघांना परवानगी लागली नाही आणि शेजारच्या तुकड्याला लागते, म्हणजे ती जमीन एक नाहीच. दाखवलेल्या सातबाऱ्याचं क्षेत्र होतं सहा हेक्टर, जेमतेम पंधरा एकर. नकाशा मात्र चाळीस एकरांचा, छान रंगीत, आणि त्यावर गट नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला जमिनीचा क्रमांक, कुठेच छापलेला नव्हता.

खरेदीखत झालेल्या चौघांपैकी एकाने सरकारी मोजणी मागवली तेव्हा सगळं बाहेर आलं. भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहावर चालणारं मोजणीयंत्र, घेऊन आला, गटाची हद्द दाखवत गेला आणि आमचे बहुतेक लाल नंबर हद्दीबाहेर राहिले. चौघांचीही अवस्था फार बरी नव्हती. त्यांच्या खतात सामाईक गटातला हिस्सा लिहिलेला होता. दगडावरचा तुकडा, त्याची चतुःसीमा, मधला रस्ता, यातलं काहीच नव्हतं. दस्त नोंदवताना निबंधक जागेवर जाऊन जमीन पाहत नाही आणि मालकी पक्की आहे असं प्रमाणपत्रही देत नाही.

हद्दीबाहेरच्या एका बांधीत एक आदिवासी बाई रोवणी करत होती. तुम्ही कोण, असं तिनेच आम्हाला विचारलं. मग घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला वनपट्टा आणला. त्यावर तिचं आणि नवऱ्याचं, दोघांचंही नाव होतं. आमच्या दलालाने मक्त्याने जमीन घेतो म्हणून नवऱ्याचा अंगठा घेतला होता आणि तोच कागद आम्हाला ‘मालकाची संमती’ म्हणून दाखवला होता. २००६च्या वनहक्क कायद्याने दिलेली जमीन वारसाने पुढे जाते, पण ती विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तिथे कोणाचीच परवानगी कामाची नाही. आमचे पैसे गेले याचा राग आहेच, पण त्या कुटुंबाच्या तोंडचा घास आमच्या नावाने लिहून दिला जात होता, याचा संताप जास्त आहे.

उरलेला भाग महसूल नोंदीत झुडपी जंगल निघाला. पूर्व विदर्भात अशी जमीन मोठ्या प्रमाणात आहे, दिसायला नुसतं माळरान. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही झुडपी जंगल हे जंगलच असल्याचा निकाल दिला. तिथे शेतीचं खरेदीखत होईल ही आशा धरण्यात अर्थ नाही.

साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलेलं आहे. तरी गावोगाव हेच कागद पाऊण रकमेला विकले जातात. आमच्या प्रकरणी गुन्हा दाखल आहे, तारखा चालू आहेत, पैसे अडकलेलेच आहेत. दोन घरांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कमही त्यात घातली होती.

ज्यांच्या गावात आता मोबदल्याच्या नोटिसा निघाल्यात त्यांनी एवढं करावं. दलालाने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा. गट नंबर विचारा आणि डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. त्यावर भोगवट्याचा वर्ग आणि इतर हक्काचा रकाना आधी वाचा, एकूण क्षेत्रातून पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वजा करा आणि त्या गटातून आधी किती विकलं गेलंय ते फेरफारावरून मोजा. गावनकाशावर तो गट जंगलाला किती खेटून आहे तेही पाहा. आणि विसार द्यायच्या आधी सरकारी मोजणी करून घ्या. अर्ज खातेदाराच्या नावानेच करावा लागतो, तेव्हा विकणाऱ्याला करायला लावा, फी हवी तर आपण भरा. जमीन खरोखर त्याची असेल तर तो अर्जावर सही करील. आमच्याकडे मोजणीचा विषय निघाला की तो दलाल म्हणायचा, “दगड तर लावलेत, आता कशाला मोजता?”